सासूबाईंना ‘कचेरी’ वाटणाऱ्या खुर्च्या

पत्र पुण्याहून आलंय. लिहिणाऱ्या बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. घरात नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ऐंशी वर्षांच्या सासूबाई. जुनी सोसायटी पुनर्विकासाला जातेय, दोन महिन्यांत घर रिकामं करून जवळच घेतलेल्या नव्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कायमचं राहायला जायचंय. बाईंना ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातल्या सजावटीचं वेड आहे. निमुळत्या तिरक्या पायांची कपाटं, वेताच्या पाठीच्या खुर्च्या, मोहरी रंगाचा सोफा यांचे फोटो त्या गेली तीन वर्षं जमवताहेत. इंटिरियर डिझायनरने त्याच नावाचं पॅकेज दिलंय: अक्रोडाच्या रंगाचा सनमायका, भिंतीला फ्लुटेड (उभ्या खोबणींचं) पॅनल, पितळी पाय, फॉल्स सीलिंग. जुन्या घरात सासऱ्यांनी १९६८ साली सुताराकडून करून घेतलेल्या चार सागवानी खुर्च्या आहेत, वेताने विणलेल्या. सोबत एक बाक, टीपॉय आणि पुस्तकांचं कपाट. नवरा म्हणतो, जुन्या सामानवाल्याला देऊन टाकू. डिझायनर म्हणतो, नव्या लूकला ते जाणार नाही. आणि सासूबाई म्हणतात, “काढा एकदाचं. जन्मभर कचेरीत बसल्यासारखं वाटलं. मला मऊ सोफा हवाय.” बाईंचे प्रश्न तीन: हे ठेवू की विकू? परदेशी शैलीची ही आवड म्हणजे नुसता दिखावा तर नाही ना? आणि सासूबाईंना कसं पटवू?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, मला ते अचूक निरीक्षण वाटतं. भारतातल्या या शैलीच्या सगळ्यात नावाजलेल्या खुर्च्या खरोखरच कचेरीसाठी बनल्या होत्या.

१९५१ पासून चंडीगड उभं राहत होतं, तेव्हा त्या शहराचा आराखडा करणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे तिथेच मुक्काम ठोकून होते. १९६५ पर्यंत राहिले. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालयं, अधिकाऱ्यांची घरं, सगळीकडे बसायला काहीतरी हवं होतं, तेही हजारोंनी आणि स्वस्तात. जानरे आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुकारांनी तिथल्या सुतारांना जमेल, तिथल्या हवेला सोसेल असं फर्निचर बेतलं. लाकूड सागवान, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि दमट हवेत ते फारसं वाकत नाही. पाठ आणि बैठक वेताची, कारण उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो. पाय उघडलेल्या कंपासासारखे फाकलेले. पुढे त्या मोडल्या, गच्च्यांवर आणि मागच्या अंगणात त्यांचे ढीग लागले, भंगार म्हणून लिलाव झाले. आणि मग परदेशातल्या लिलावघरांत त्याच खुर्च्या लाखांच्या भावाने जाऊ लागल्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी आणली, पण तोवर पुष्कळ माल गेलेला होता.

त्या खुर्च्या भंगारात काढणाऱ्यांना हिणवायला मी हे सांगत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसेनाशी होते, हे कुणाचंही होतं. तुमच्या घरात मात्र थोडं वेगळं घडलंय. सासूबाईंना ती वस्तू चांगली दिसतेय, नेमकी दिसतेय, आणि तरीही नकोय. म्हणून ‘कसं पटवू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया. तुम्ही गृहीत धरलंय की तुमच्याकडे रसिकता आहे आणि त्यांच्याकडे फक्त कंटाळा. १९६८ साली सुताराला नमुना कुणी सांगितला? लाकूड बघायला कोण गेलं? नव्याने घरात आलेल्या सुनेला कुणी विचारलं होतं का? मला ठाऊक नाही, तुम्ही विचारा. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं दुसऱ्याने ठरवलेल्या खुर्चीत बसलेल्या बाईला पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं काही हवं असेल, तर त्या इच्छेचा मान आधी राखायला हवा.

आता ‘परदेशी शैलीचा दिखावा’. या शंकेने तुम्हाला छळलंय असं पत्रावरून दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नाव मुळात उशिराचं आहे, १९८४ साली अमेरिकेत एका पुस्तकाच्या शीर्षकातून ते रूढ झालं. ज्या माणसांनी या वस्तू केल्या त्यांनी स्वतःला असं काही म्हणवून घेतलं नव्हतं. दुसरं महायुद्ध संपलं होतं, घरं लहान होती, नवी कुटुंबं थाटली जात होती. कमी सामानात, कमी पैशांत, नीट बसता-उठता येईल असं काय करता येईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने युद्धात जखमी खलाशांच्या पायांसाठी वाकवलेल्या प्लायवुडच्या फळ्या केल्या होत्या, तेच तंत्र त्यांनी पुढे खुर्च्यांना लावलं. डेन्मार्कच्या हान्स वेगनरने १९४९ साली आखलेल्या एका खुर्चीची बैठक पीळ दिलेल्या कागदी दोरीची आहे, एका बैठकीला साधारण एकशेवीस मीटर दोरी लागते आणि ती आजही हातानेच विणतात. डॅनिश फर्निचरचा तो मधाळ तपकिरी रंग ज्यावर तुम्ही भाळला आहात, तो बहुतेक वेळा सागवानाचा असतो. युद्धानंतर आग्नेय आशियातून डेन्मार्कला भरपूर सागवान जायचं. तुमच्या सासऱ्यांच्या सुतारापुढे आणि कोपनहेगनच्या सुतारापुढे एकाच जातीचं लाकूड होतं.

आणि १९५८. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ईम्स दांपत्य इथे आलं, देशभर फिरलं आणि एक अहवाल दिला. त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमधून त्यांनी अहवालात सर्वांत जास्त वाखाणला तो लोटा. आपला पाण्याचा लोटा. तो घडवताना काय काय विचारात घ्यावं लागलं असेल याची त्यांनी मोठी यादी केली: किती पाणी मावावं, कमरेवर घेतला तर कसा बसतो, भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे, ओतताना पाणी कसं पडतं, आतून घासता येतो का, दुसऱ्या भांड्यावर आपटला किंवा जमिनीवर टेकवला तर आवाज कसा येतो, डोळे मिटून हातात घेतला तर कसा वाटतो. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या लोटा वापरला गेला, त्या घरातल्या माणसाला ही शैली परकी कशी? तुमची आवड उसनी नाही. फक्त ती तुम्हाला फोटोंतून भेटली, म्हणून तुम्ही वस्तूंकडेही फोटोसारखं बघताय. मला सुचवायचंय ते एवढंच की बघण्याची रीत बदला. डोळे मिटून सुरुवात करा.

आमच्या नाशिकच्या घरी दर चार-पाच वर्षांनी खुर्च्या विणायला एक काका यायचे. त्यांना दिसत नव्हतं. आपल्याकडे अनेक अंध संस्थांत हे काम शिकवलं जायचं, तिथेच ते शिकलेले. ओट्यावर बसायचे, शेजारी पाण्याच्या बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असायच्या. आधी अंगठ्याने चौकटीची भोकं मोजून घ्यायचे. मग उभा ताणा, त्यावर आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा, मग एक तिरपी ओळ आणि तिला छेदणारी दुसरी तिरपी. सहा फेऱ्या झाल्या की मधे अष्टकोनी डोळे पडत जायचे, अगदी एकसारखे, आणि शेवटी कडेला जाड पट्टीची गोट. विणून झालं की तळहात फिरवून एखादी सैल पट्टी शोधायचे. मला दिसत असून ती कधी सापडली नाही.

तुमच्या खुर्च्या आज संध्याकाळी उलट्या करा. चौकटीला खालून ओळीने बारीक भोकं दिसली तर ती हाताची वीण. भोकं नसून नुसती खाच आणि त्यात ठोकलेली पट्टी दिसली तर तयार जाळीचा तुकडा बसवलाय. तोही वाईट नाही, बदलायला उलट सोपा. सांधे बघा: एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत गेलीय की नुसते खिळे मारलेत? खाचेतले सांधे साठ वर्षांनी हलायला लागले तरी सुतार ते उघडून, जुना सरस खरवडून पुन्हा घट्ट करून देतो. खाली बारीक पिठासारखा भुसा पडतोय का, तेही बघा. पडत असेल तर कीड आहे. ती सहसा लाकडाच्या फिकट, पांढुरक्या भागात धरते. नव्या घरात नेण्याआधी त्यावर उपचार करून घ्या, नाहीतर नव्या प्लायलाही ती लागेल.

मग डोळे मिटून बसा. आपले हात खुर्चीच्या हातांवर ठेवा. कोपर कुठे येतं? खुर्चीच्या हाताची कड गोल केलीय की बोचतेय? पाठ कुठे टेकते? दहा मिनिटांनी मांडीखाली चौकट रुतते का? चारही खुर्च्यांत बसा, कारण हाताने केलेल्या चार खुर्च्या कधीच अगदी सारख्या नसतात. ज्या परीक्षेत उतरतील त्या ठेवा. सगळं ठेवायलाच हवं असं मुळीच नाही. मला वाटतं, दोन खुर्च्या आणि टीपॉय एवढं नव्या हॉलला पुरे. कपाट मुलाच्या खोलीत. आणि बाकात बसून कुणाच्या पाठीला सुख झालं नसेल, तर त्याला आनंदाने निरोप द्या. बसवत नसलेली वस्तू केवळ जुनी म्हणून जपणं ईम्स किंवा जानरेंना मानवलं नसतं.

वेत सैल झाला असेल तर लगेच नवा विणायला टाकू नका. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं खालच्या बाजूने लावा आणि खुर्ची सावलीत वाळू द्या. वेताची वरची चकचकीत साल पाणी पीत नाही, खालची बाजू पिते आणि वाळताना आकसते. बराच झोल निघून जातो. पट्ट्या तुटल्या असतील तर मात्र विणकर गाठायलाच हवा. आणि पॉलिशवाल्याला आधीच सांगा: चपडीचं (लाखेचं) स्पिरिट पॉलिश करा, वर काचेसारखा जाड थर नको. चपडी पुढे पुन्हा वर चढवता येते, हात फिरवला तर लाकूड लागतं. पाण्याचा पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, हे खरंय. टीपॉयवर पेल्याखाली घ्यायच्या छोट्या चकत्या ठेवा.

डिझायनरच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फ्लुटेड पॅनल आणि पितळी पाय ही बहुतेक आर्ट डेकोची भाषा, म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या १९३०-४० च्या इमारतींची. तीही देखणीच, पण तुम्हाला हवी ती नव्हे. (गल्लत पुष्कळांची होते. इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्याही लोक याच शैलीत धरतात. त्यांचा मूळ नमुना १८५९ चा, व्हिएन्नाच्या थोनेटचा.) अक्रोडाची छपाई केलेल्या सनमायक्याबद्दल माझी तक्रार तो स्वस्त आहे ही नाही. ईम्स यांनी फायबरग्लासच्या खुर्च्या केल्या आणि त्या फायबरग्लाससारख्याच दिसू दिल्या. तुम्हीही सनमायका घ्या, पण साध्या रंगाचा: मोहरी, विटकरी, शेवाळी, दुधी. शेजारी खरं सागवान असेल तेव्हा छापील लाकूड लगेच उघडं पडतं.

निमुळत्या पायांचा हट्ट मात्र सोडू नका. पेटीसारखं कपाट पायांवर उचललं की खालची फरशी दिसत राहते आणि खोली मोठी वाटते. खाली कुंचा आणि पोछा जाईल एवढी उंची ठेवायला सांगा, पंधरा-वीस सेंटीमीटर पुरते. सुताराला सांगताना ‘लूक’ हा शब्द वापरू नका, ‘खालून झाडता आलं पाहिजे’ असं सांगा. पाय आपोआप बरोबर येतात.

फॉल्स सीलिंग रद्द करा, जो पैसा वाचेल त्यात दोन चांगले उभे दिवे आणि एक भिंतीवरचा दिवा येईल, पिवळसर उजेडाचे. बिल्डरने घातलेली चकचकीत फरशी उखडू नका, त्यावर सतरंजी अंथरा. दिवाणावर सोलापुरी चादर. तिच्या भौमितिक नक्षीला या फर्निचरशेजारी बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

जुन्या घराची सागवानी दारं, खिडकीचे गज, कड्या यांचं काय ठरलंय? विकसकाशी झालेला करार काढून बघा, मोडतोडीच्या सामानाचा हक्क बहुधा त्यात लिहिलेला असतो. सामान त्याच्याकडे जाणार असेल तरी सोसायटीमार्फत लेखी विचारा. एका जुन्या दाराचं चांगलं सहा माणसांचं जेवणाचं टेबल होतं. पुनर्विकासाच्या रांगेत असलेल्या इतर वाचकांनीही हे घर सोडण्याआधी विचारावं, पाडकाम सुरू झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

ज्यांच्या घरी असं काही वारशाने आलेलं नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘ओरिजिनल चंडीगड’ म्हणून कुणी दुप्पट-चौपट भाव सांगितला तर कागद मागा. खऱ्या खुर्च्यांवर बऱ्याचदा खात्याची अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात, पण ते रंगवून देणारेही आहेत. प्रामाणिकपणे ‘नक्कल’ म्हणून विकलेली, चांगल्या सांध्यांची नवी खुर्ची घेण्यात काही कमीपणा नाही. आणि जमलं तर आधी पाहून या: चंडीगडच्या सेक्टर ५ मधलं जानरेंचं घर आता संग्रहालय आहे. स्वतः विटांच्या आणि साध्या लाकडाच्या घरात हा माणूस कसा राहिला, हे बघितलं की खरेदीची यादी आपोआप आखूड होते.

आता सासूबाई. या शैलीच्या आरामखुर्च्यांचा एक दोष चाहत्यांनी मान्य करायला हवा. त्या फार ठेंगण्या असतात. तिशीतल्या माणसाला ऐसपैस वाटतं, ऐंशीव्या वर्षी गुडघ्यांना ती शिक्षा असते. टेप घ्या आणि सासऱ्यांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून किती आहे ते मोजा. पस्तीस-अडतीस सेंटीमीटर निघाली तर ‘मला सोफा हवा’ हे वाक्य गुडघ्यांचं आहे असं समजा. वय झालेल्यांना साधारण पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटीमीटर उंची, दोन्ही बाजूंना भक्कम हात आणि न खचणारी गादी लागते. गंमत अशी की दुकानातला मऊ सोफा नेमका उलटा असतो: खोल, बुटका, बसलं की आत जाणारा. त्यातून उठताना त्यांना रोज कुणालातरी हाक मारावी लागेल.

म्हणून त्यांना दुकानात घेऊन जा, फोनवर चित्रं दाखवू नका. चार-पाच जागी बसवा आणि त्या बसतात कशा याकडे न बघता उठतात कशा ते बघा. जिथून त्या हात न मागता उठतील ती खुर्ची घ्या, कापड त्यांच्या पसंतीचं, मग ते गुलाबी फुलांचं का असेना. पूर्ण सोफा हवा म्हणाल्या तर तोही घ्या, उंची आणि फोम मात्र सांगून बनवून घ्या. हॉलमधली उजेडाची जागा त्यांच्या खुर्चीची. तुमच्या दोन सागवानी खुर्च्या समोर मांडा. सोबत जुळतं का, ही काळजी डिझायनरवर सोडा. ज्या काळावर तुम्ही प्रेम करताय, त्या काळातल्या खऱ्या घरांत आजीची एक वेगळी खुर्ची असायचीच.

नवऱ्याला जुन्या सामानवाल्याचा भाव विचारून ठेवू द्या. मग तेवढ्याच सागवानाचा आजचा घनफुटाचा दर लाकडाच्या वखारीत विचारायला त्यांनाच पाठवा, आणि चार खुर्च्या नव्याने करून द्यायची मजुरी सुताराला. तीन आकडे कागदावर लिहून आणायला सांगा. त्यात तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

सामान बांधण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. खुर्च्या उलट्या कराल तेव्हा सासूबाईंनाही जवळ बोलवा, टॉर्च त्यांच्या हातात द्या. जुन्या सुतारांची चौकटीच्या आतून पेन्सिलीने खूण करायची पद्धत असते, कुठली बाजू कुठे जोडायची ती. सापडली तर पॉलिशवाल्याला तेवढी जागा सोडायला सांगा.